पायलटचं मेडिकल: चष्मा, मुतखडा आणि शंभर कोटी तासांचा हिशेब

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली आणि पायलटच्या झोपेचा विषय घराघरांत पोचला. आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा, हे नियम तोवर विमान कंपन्यांच्या बाहेर कुणाला ठाऊक नव्हते. पण विश्रांतीचे तास हा या विषयाचा अर्धाच भाग झाला. ज्याला विश्रांती द्यायची तो माणूस मुळात विमान चालवायला शरीराने आणि मनाने ठीक आहे की नाही, हे ठरवणारी यंत्रणा वेगळी आहे. पायलट मंडळी तिला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. हातात लायसन्स असलं तरी चालू मेडिकल नसेल तर त्या लायसन्सवर उडता येत नाही.

नाशिकमध्ये हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा कानावर येतो. ओझरला एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा, विमान कारखाना, तिथून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये जोडलेलं पहिलं तेजस मार्क वन ए हे लढाऊ विमान उडालं. गांधीनगरला लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट घडवणारी शाळा. उत्तरेला धुळे-शिरपूरकडे फ्लाइंग स्कूल. डोक्यावरून रोज काहीतरी घरघरत जाणाऱ्या गावात मुलांना पायलट व्हावंसं वाटलं तर नवल नाही. मग आईवडील विचारतात: चष्मा आहे, चालेल का? लहानपणी कानाचं ऑपरेशन झालंय, सांगायचं की नाही? आणि सगळ्यात अवघड प्रश्न जरा आवाज खाली आणून विचारला जातो: मध्यंतरी डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, त्याचं काय?

या प्रश्नांची उत्तरं सुटी सुटी पाठ करून फायदा नाही. नियम बदलत राहतात. नियमांमागचा हिशेब कळला की बरीच उत्तरं आपली आपण लावता येतात.

क्लास वन, क्लास टू आणि ‘असेसमेंट’

भारतात विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, बोलीभाषेत डीजीसीए. पायलटच्या दृष्टीने तिच्या मेडिकलचे दोन वर्ग महत्त्वाचे. शिकाऊ आणि हौशी पायलटसाठी क्लास टू. पगार घेऊन उडणाऱ्यासाठी, म्हणजे कमर्शियल लायसन्ससाठी, क्लास वन. एअर ट्रॅफिक कंट्रोलरसाठी तिसरा वर्ग आहे, तो इथे बाजूला ठेवू.

क्रम असा असतो. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू. मग फाईल नंबर मिळतो आणि त्यावर पहिल्या क्लास वनची तारीख. हे पहिलं क्लास वन वर्षानुवर्षं वायुदलाच्या केंद्रांतच होत आलं: दिल्लीचं एएफसीएमई, बेंगळुरूचं इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन आणि जोरहाटचं केंद्र. तारखांसाठी मुलं ताटकळायची. अलीकडे काही खासगी केंद्रांनाही मान्यता मिळाल्यामुळे तो ताण थोडा हलका व्हावा. ‘एअरोस्पेस मेडिसिन’ ही डॉक्टरकीची स्वतंत्र शाखा आहे आणि तिचे जाणकार देशात मोजके. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला असलं, तरी आपला नेहमीचा फिजिशियन कितीही हुशार असो, ‘तू फिट आहेस’ हे त्याचं वाक्य इथे चालत नाही.

तपासणारा डॉक्टर शिफारस करतो. शेवटचा शिक्का डीजीसीएचा, त्यालाच मुलं ‘असेसमेंट आली’ म्हणतात. त्या कागदावर चारपैकी एक गोष्ट असते: फिट, अटीसह फिट, तात्पुरतं अनफिट किंवा कायमचं अनफिट. तात्पुरत्या अनफिटला ‘टीएमयू’ (टेम्पररी मेडिकली अनफिट) म्हणतात. ही अक्षरं आली की घरात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. तसं व्हायचं कारण नाही, ते पुढे येईलच.

डॉक्टर नेमकं काय शोधतो?

सर्वसाधारण समज असा की पायलट म्हणजे पैलवान हवा, दात-डोळे-छाती सगळं एक नंबर. लढाऊ विमानाच्या बाबतीत ते काही अंशी खरं आहे. नागरी उड्डाणात प्रश्न वेगळा असतो: हा माणूस पुढच्या तपासणीपर्यंत, कॉकपिटमध्ये बसलेला असताना, अचानक निकामी होण्याची शक्यता किती?

इंग्रजीत त्याला ‘इनकपॅसिटेशन’ म्हणतात. आपण ‘अचानक निकामी होणं’ म्हणू. हार्ट अटॅक, फिट येणं, भोवळ येणं ही त्याची उघड रूपं. जुलाबाने बेजार होणं हेही त्यातच मोडतं. पाहण्यांमध्ये पायलट आकाशात आजारी पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पोटाचं दुखणंच निघालेलं आहे. म्हणून कित्येक कंपन्यांत दोन्ही पायलट एकच जेवण घेत नाहीत.

आता हिशेब. १९८० च्या दशकात ब्रिटन आणि युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी विमान वाहतुकीसाठी एक मोजपट्टी सुचवली, तिला ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणतात. एखाद्या पायलटला वर्षभरात अचानक निकामी होण्याची शक्यता एक टक्क्यापर्यंत असेल, तर दोन पायलटच्या विमानात तो चालू शकतो. काही देश दोन टक्केही धरतात.

एक टक्का ऐकून दचकायला होतं. शंभर पायलटपैकी एक वर्षभरात कोसळणार? थांबा. वर्षात ८,७६० तास असतात. एक टक्का त्या तासांवर पसरला की एका तासाला साधारण दहा लाखांत एक एवढी शक्यता उरते. त्यातही विमान सगळा वेळ नाजूक अवस्थेत नसतं. टेकऑफ आणि लँडिंगच्या आसपासचा सुमारे एक दशांश वेळच खरा धोक्याचा. वर सरळ उडताना एकजण कोसळला तर दुसऱ्याच्या हाताशी वेळ असतो. म्हणजे शक्यता आली एक कोटी तासांत एकावर. आणि त्या नाजूक क्षणी एकजण कोसळलाच, तरी शेजारी दुसरा बसलेला आहे आणि त्याला सिम्युलेटरमध्ये नेमकं हेच घोटून घेतलेलं असतं. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो विमान सांभाळेल असं धरलं, की अपघाताची शक्यता शंभर कोटी तासांत एकदा इतकी खाली येते. विमानाच्या यंत्रांकडूनही साधारण याच तोडीची अपेक्षा ठेवली जाते.

म्हणजे शरीरही विमानाचा एक भाग म्हणून मोजलं जातं. ऐकायला रुक्ष वाटतं, पण पायलटच्या दृष्टीने ही फार चांगली बातमी आहे. ‘तुला आजार आहे का’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘तुझ्या आजारातून निघणारी जोखीम किती आणि ती कमी करता येते का’ हा प्रश्न पुढे येतो. मेडिकल मिळवायला आणि टिकवायला मदत म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर, पुराव्यानिशी मांडायला मदत. बाकी सगळा तपशील.

चष्मा चालतो. रंग?

चष्म्याचा बाऊ सगळ्यात जास्त आणि अडचण सगळ्यात कमी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयसीएओ, हिच्या निकषांप्रमाणे क्लास वनला प्रत्येक डोळ्याची दूरची नजर ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ हवी, चष्म्यासह चालते. अट एवढीच की चष्मा लावून उडायचं आणि जादा जोड हाताशी ठेवायची. चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन करून घेतलं असेल, तर ठराविक काळ गेल्यावर नंबर स्थिर आहे का हे पाहून निर्णय होतो. तेव्हा ‘बारावीनंतर लगेच लेझर करून टाकू’ असं परस्पर ठरवू नये. आधी नियम बघा, मग डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्या.

रंगाचं प्रकरण खरंच अवघड आहे. इशिहारा चाचणीत रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे असतात. लाल-हिरवा फरक न कळणं बहुतेक वेळा जन्मजात असतं, मुलांत मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतं आणि त्यावर इलाज नाही. तरी एवढा आग्रह का? रात्री उतरताना धावपट्टीशेजारी चार दिव्यांची रांग दिसते. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतरण्याचा कोन बरोबर; चारही लाल म्हणजे विमान फार खाली आलंय. समोरच्या विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्यावर हिरवा, त्यावरून ते आपल्याकडे येतंय की लांब जातंय ते कळतं. टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्याच्या, कडांचे दिवे निळे. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून हिरवा किंवा लाल झोत मारून इशारा देतात. एवढे रंग ओळखता आले पाहिजेत, चित्रकाराची नजर नको. म्हणून ठिपक्यांच्या चाचणीत अडखळलेल्याची पुढची चाचणी होते. किती दोष ‘सुरक्षित’ धरायचा हे त्यावर ठरतं. हा प्रश्न सुटला नाही तर मात्र पुढचा रस्ता फार अरुंद आहे, आणि तो सोळाव्या-सतराव्या वर्षीच कळलेला बरा. नेत्रतज्ज्ञाकडे ही प्राथमिक चाचणी दहा मिनिटांत होते.

कानाचे निकषही आकड्यांत आहेत. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त ऐकू येण्यातली घट नको. लहानपणी कानाचा पडदा फाटून बरा झाला असेल तर जुने कागद घेऊन जा, एवढंच.

मुतखडा, आणि ‘त्यात काय एवढं’

मुतखडा आपल्याकडे घरोघरी असतो. कुणी पानफुटीची पानं खातं, कुणी कुळथाचं कढण पितं, आणि खडा दुखत नसेल तर कुणी त्याची गणतीही करत नाही. सोनोग्राफीत मात्र सुप्त खडा दिसला की पायलट टीएमयू होऊ शकतो. घरच्यांना हे हास्यास्पद वाटतं. धडधाकट पोरगा, एक ठिपका दिसला आणि घरी बसवलं!

इथे वरचा हिशेब आठवा. खड्याने माणूस सहसा मरत नाही, पण खडा मूत्रनलिकेत सरकला की माणूस गडाबडा लोळतो. आगाऊ सूचना न देता. लँडिंगला चार मिनिटं असताना ती कळ आली तर तो माणूस निकामीच झाला. म्हणून खडा काढून टाका किंवा पडून जाऊ दे, तपासणीत मूत्रपिंड मोकळं दिसू दे, खडा का झाला याची तपासणी होऊ दे आणि परत या. टीएमयूचा अर्थ एवढाच. पित्ताशयातल्या खड्याचंही तेच.

उलट काही गोष्टी ऐकायला भयंकर वाटतात आणि चालतात. बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेले पायलट ठराविक काळानंतर, कडक तपासण्या पार करून, जगभरात परत उडाले आहेत. बरा झालेला कर्करोग हा आपोआप पूर्णविराम नाही. याउलट वीस-बाविसाव्या वर्षी, कारण न सापडलेली एकच फिट येऊन गेलेली असली, तर ती फार जड जाते, कारण पुढची कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. आजार किती मोठा यापेक्षा तो सांगून येतो का, हे इथे जास्त मोजलं जातं.

चाळिशीनंतरचं मेडिकल ही वेगळीच गोष्ट

मेडिकल मिळवणं तरुणांचा प्रश्न, टिकवणं चाळिशीतल्यांचा. क्लास वन साधारण वर्षभर चालतं, साठीनंतर सहा महिने. आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणासाठी वयाची कमाल मर्यादा २००६ पासून ६५ आहे. म्हणजे तिशीपासून निवृत्तीपर्यंत दरवर्षी नोकरी पणाला लावणारी एक तपासणी. दुसऱ्या कुठल्या पेशात असं असतं? सर्जनला नाही, बसचालकाला या तोडीचं नाही.

वय वाढतं तशी हृदयाकडे नजर जास्त वळते. ईसीजी वारंवार, शंका आली तर ट्रेडमिल, मग इको. रक्तदाब वाढलेला सापडला म्हणजे नोकरी गेली असं नाही. बीपीची बरीच औषधं मान्य आहेत. औषध सुरू केल्यावर काही काळ जमिनीवर राहायचं, चक्कर-सुस्ती येत नाही ना, दाब आटोक्यात येतो ना हे पाहायचं, की परत. गोळ्यांवर नीट आटोक्यात असलेल्या मधुमेहाचंही बऱ्याचदा तसंच, फार तर ‘फक्त दोन पायलटच्या विमानात’ अशी अट येते. ती अट मोठ्या एअरलाइनमधल्या पायलटला जाणवतही नाही, कारण त्याच्या शेजारी नेहमीच कुणीतरी असतं. इन्सुलिन मात्र आयसीएओच्या मूळ निकषांत अजून नकाराचं कारण आहे, कारण साखर अचानक खाली आली की माणूस भान हरपतो. तरीही ब्रिटनने २०१२ मध्ये आणि अमेरिकेने २०१९ मध्ये, उड्डाणात ठराविक वेळाने साखर तपासण्याच्या अटीवर, इन्सुलिन घेणाऱ्या व्यावसायिक पायलटना वाट करून दिली. विज्ञान बदललं, साखर सतत मोजणारी यंत्रं आली, जोखमीचा आकडा बदलला, नियमही बदलला.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर इंडिगोचा एक कॅप्टन पुण्याचं विमान घ्यायला निघाला असताना बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. तेव्हा ‘मेडिकल झालेलं असूनही असं कसं’ असं सगळीकडे विचारलं गेलं. उत्तर कटू आहे: एक टक्क्याचा नियम म्हणजे शून्य टक्के नव्हे. कुठलीही तपासणी उद्याची हमी देत नाही. म्हणूनच तर पायलट दोन.

महिला पायलटच्या बाबतीत गरोदरपणाचा वेगळा विचार आहे. आयसीएओची शिफारस अशी की गुंतागुंत नसेल तर बाराव्या आठवड्याच्या अखेरीपासून सव्विसाव्याच्या अखेरीपर्यंत उडता येईल. भारतात महिला पायलटचं प्रमाण जगातल्या बहुतेक देशांपेक्षा जास्त आहे, तेव्हा हा नियम आपल्याकडे तरी ‘किरकोळ’ सदरात टाकू नये.

मग सांगायचंच कशाला? लपवलं तर?

आता त्या आवाज खाली आणून विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ.

२४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्यूसेलडॉर्फला निघालेलं जर्मनविंग्जचं विमान सह-वैमानिकाने मुद्दाम आल्प्सच्या डोंगरावर आदळवलं. १५० माणसं गेली. त्याला नैराश्याचा जुना इतिहास होता. अपघाताच्या आधी तो अनेक डॉक्टरांकडे गेला होता, एकाने मनोरुग्णालयात दाखल व्हायचा सल्लाही दिला होता. ‘कामावर जाऊ नये’ अशा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या नंतर त्याच्या घरी सापडल्या, त्यातल्या काही फाडलेल्या. कंपनीला या ताज्या दुखण्याची काहीच कल्पना नव्हती. फ्रान्सच्या तपास यंत्रणेने अहवालात एक फार महत्त्वाचं कारण नोंदवलं: लायसन्स गेलं तर कमाई जाईल ही भीती, आणि त्यावर पुरेसं विमा संरक्षण नसणं.

यातून लोक दोन उलटे धडे काढतात. एक, ‘मानसिक आजार असलेल्या कुणालाच उडू देऊ नका’. दोन, ‘डॉक्टरांनी सगळं कळवायलाच हवं’. पहिला धडा अमलात आणला तर काय होतं ते आपल्याला आधीच माहीत आहे: पायलट मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात पाऊलच ठेवत नाहीत. आजार तेवढाच राहतो, उपचार तेवढे बंद. दुसरा धडाही तीच भीती वाढवतो.

अमेरिकेत २०१० पर्यंत नैराश्याची गोळी घेणारा पायलट जवळजवळ आपोआप जमिनीवर यायचा. तिथल्या पायलटपुढे तीन रस्ते असायचे: औषध घेऊन नोकरी गमावायची, औषध न घेता उडायचं किंवा औषध घेऊन खोटं बोलायचं. प्रवाशाच्या दृष्टीने यातला पहिला एकच सुरक्षित, आणि पायलटच्या दृष्टीने नेमका तोच सगळ्यात महाग. २०१० मध्ये तिथल्या यंत्रणेने चार ठराविक औषधांना, निरीक्षणाच्या अटींवर, परवानगी दिली. ऑस्ट्रेलियाने त्याच्याही बराच आधी ही वाट धरली होती. दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या पायलटना उपचार, देखरेख आणि पुन्हा कॉकपिट अशी वाट देणारा ‘हिम्स’ कार्यक्रम अमेरिकेत १९७० च्या दशकापासून चालू आहे. जर्मनविंग्जनंतर युरोपने विमान कंपन्यांना ‘पिअर सपोर्ट’ सक्तीचा केला, म्हणजे अडचणीतल्या पायलटने आधी दुसऱ्या प्रशिक्षित पायलटशी, गोपनीयतेत, बोलायचं. आपल्याकडेही डीजीसीएने कंपन्यांना अशा व्यवस्थेकडे वळायला सांगितलं आहे. कागदावर हे छान आहे. पण ‘बोललो तर रोस्टरमधून काढतील’ ही भीती पायलट मंडळींच्या मनातून गेलेली नाही. माझ्या मते आपल्याकडच्या मेडिकल व्यवस्थेची खरी उणीव निकषांत नाही, तर खरं बोलण्याची किंमत सगळी एकट्या पायलटकडून वसूल केली जाते, यात आहे. टीएमयूच्या काळातला पगार, लायसन्स गेल्यास मिळणारा विमा, परत येण्याची स्पष्ट वाट, या तीन गोष्टी पक्क्या झाल्या तर लपवाछपवी आपोआप कमी होईल.

आणि लपवलेलं लपून राहतं का? फॉर्मवर आधीच्या आजारांचे, औषधांचे, ऑपरेशनचे प्रश्न असतात आणि खाली सही असते. खोटं उघड झालं तर प्रश्न आजाराचा राहत नाही, खोट्या कागदाचा होतो. बरं होणारा टीएमयू कधीतरी संपतो, हे प्रकरण आयुष्यभर पुरतं.

‘पण मी प्रवासी आहे, मला हे सैल वाटतं’

हा आक्षेप रास्त आहे. शुगर, बीपी, गोळ्या, असा पायलट माझ्या विमानात का? कारण पर्याय म्हणजे निरोगी पायलट असा नसतोच. पर्याय म्हणजे ज्याची शुगर कुणी मोजलेलीच नाही असा पायलट. पन्नाशीच्या हजार माणसांत बीपी असणारच. ते कागदावर आहे की चोरून गिळलेल्या गोळीत, एवढाच प्रश्न.

उलट बाजूचाही आक्षेप ऐकू येतो: छोटं, एक-दोन माणसांचं विमान हौसेने उडवणाऱ्याला एवढा जाच कशाला? अमेरिकेने २०१७ पासून अशा हौशी पायलटना, काही अटींवर, आपल्या नेहमीच्या डॉक्टरच्या तपासणीवर उडायची मुभा दिली आहे. आपल्याकडे तशी सोय नाही. ज्या देशात हौशी उड्डाण मूठभर लोकच करतात, तिथे तिची घाईही कुणाला नाही.

सर्टिफिकेट खिशात आहे, तरी आज उडायचं की नाही?

गाडीची पीयूसी वर्षभराची असते. म्हणून उद्या सायलेन्सरमधून काळा धूर निघायला लागला तर ‘माझी पीयूसी आहे’ म्हणून चालत नाही. मेडिकलचं तसंच आहे. आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट सांगतो की आपली तब्येत उडण्याजोगी नाही हे जाणवलं, की पायलटने स्वतःहून थांबायचं.

साधी सर्दी घ्या. विमान खाली येताना बाहेरचा दाब वाढतो. घशाकडून कानात जाणारी बारीक नळी सर्दीने बंद असेल तर पडद्यामागे दाब सारखा होत नाही, आणि प्रचंड दुखतं, कधी गरगरतंही. प्रवाशाला आपण चॉकलेट चघळायला देतो, पायलटला तेव्हा उतरायचं असतं. शिवाय सर्दीच्या बऱ्याच गोळ्या झोप आणतात. म्हणून औषधाच्या दुकानातून गोळी आणण्याआधी कंपनीच्या डॉक्टरला फोन.

दारूबद्दल भारताचे नियम जगातल्या कडक नियमांत गणले जातात: उड्डाणाआधी बारा तास दारू वर्ज्य, श्वासाची चाचणी, आणि यंत्रात शून्यच आलं पाहिजे. पहिल्यांदा सापडलं तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. २०२३ मध्ये डीजीसीएने अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि टूथ जेलही टाळायला सांगितलं. द्राक्षांच्या गावात एक गोष्ट वेगळी सांगायला हवी: वाइन टाळणं सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण आजीने दिलेलं द्राक्षासव कुणाच्या डोक्यात येत नाही. आसव आणि अरिष्ट आंबवून होतात, त्यात अल्कोहोल असतंच. भूक लागावी म्हणून घेतलेले दोन चमचे ओझरच्या किंवा मुंबईच्या ब्रीथ टेस्टला ऐकवून उपयोग नाही.

फी भरण्याआधी आणि ‘कायमचं अनफिट’ आल्यावर

कमर्शियल पायलटचं प्रशिक्षण म्हणजे किमान दोनशे तासांचं उड्डाण आणि अनेक ठिकाणी अर्ध्या कोटीच्या पुढचा खर्च. निफाड-पिंपळगावकडे कुणी त्यासाठी द्राक्षबाग गहाण ठेवतं, शहरात कुणी फ्लॅटवर कर्ज काढतं. तरीही पुष्कळ घरांत फी आधी भरली जाते आणि क्लास वन नंतर होतं, कारण शाळा म्हणते ‘क्लास टू आहे ना, सुरू करा’. क्लास टूवर उडायला सुरुवात होते हे खरं, पण नोकरी क्लास वनवरच मिळते. पहिला मोठा हप्ता देण्याआधी क्लास वनची असेसमेंट हातात घ्या. तारखेसाठी काही महिने थांबावं लागलं तरी थांबा, तेवढ्यात डीजीसीएच्या लेखी परीक्षांचा अभ्यास होतो.

तपासणीला जाताना जुनी फाईल बरोबर असावी: ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, चष्म्याचे आधीचे नंबर, मानसोपचार घेतले असतील तर उपचार कधी संपले याचं डॉक्टरांचं पत्र. मौनापेक्षा कागद नेहमी कमी घाबरवतो. ‘कधीतरी डिप्रेशन’ आणि ‘दोन वर्षांपूर्वी सहा महिने उपचार, त्यानंतर औषधाशिवाय ठीक’ ही दोन वाक्यं तपासणाऱ्याच्या लेखी फार वेगळी असतात. आदल्या आठवड्यात जिममध्ये नवा विक्रम करायला जाऊ नका, जोरदार व्यायामानंतर लघवीत आणि रक्तात उगीच काहीबाही दिसतं आणि फेरतपासणीचा फेरा मागे लागतो.

टीएमयू आला तर असेसमेंटवर दिलेली तपासणी नेमकी, सांगितलेल्या ठिकाणी आणि मुदतीत करा. नात्यातल्या डॉक्टरने दिलेलं ‘सगळं ठीक आहे’ पत्र तिथे जोडून फायदा होत नाही. कायमचं अनफिट आलं तरी फेरतपासणीसाठी दाद मागता येते. तिथे नवे पुरावे, नवे रिपोर्ट, त्या विषयातल्या तज्ज्ञाचं मत लागतं; विनवणीने काही होत नाही. २०२२ मध्ये ट्रान्सजेंडर उमेदवारांसाठी डीजीसीएने स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही एका उमेदवाराने ‘नाही’ हे शेवटचं उत्तर मानायला नकार दिल्यानंतर.

दाद मागूनही जमलं नाही, तर ओझरचा हँगर आहे, जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणारं फ्लाइट डिस्पॅच आहे, विमानांची देखभाल आहे, आणि वेगळ्या निकषांचं एअर ट्रॅफिक कंट्रोल आहे. यातल्या कुठल्या कामाला कुठलं मेडिकल लागतं, ते मात्र अर्ज भरण्याआधी वाचून घ्या.